पूर ओसरल्यावरच्या समित्या नकोत, पाणी येण्याआधी जाणकारांचे ऐका

मा. मंत्रिमहोदय, कर्नाटक शासन, यांस सविनय नमस्कार.

२०१९ च्या महापुरानंतर चिकोडी तालुक्यातल्या आमच्या गावी, देवळातल्या बैठकीत एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी शब्द दिला होता की, किती क्युसेक पाणी येणार आणि ते कोणत्या गल्लीपर्यंत चढणार, हे अभियंत्यांकडून काढून चावडीवर मराठी व कन्नडमध्ये लिहिले जाईल. फळा टांगला गेला. त्यावर आजवर एक अक्षर उमटलेले नाही. यंदा दूधगंगेचे पाणी वेशीत शिरल्यावर भोंगा वाजला, तोही फक्त कन्नडमधून. अंधारात म्हशींचे कासरे कापून त्यांना सोडावे लागले. वर्षभराचा शाळू कणगीतच भिजून फुगला आणि कणगी फुटली. सोयाबीन कुजले. माझ्या ऐंशी वर्षांच्या आईला पाठीवर घेऊन मी गंजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांसाठीची सरकारी छावणी, गाठले, तेथे विचारपूस करायला आलेल्यांपैकी एकालाही नदीची पातळी सांगता आली नाही.

कृष्णा फुगली की कल्लोळच्या संगमावर दूधगंगेचे पाणी तुंबते आणि मागच्या गावांत पसरते, हे आमच्याकडची शाळकरी मुलेही जाणतात. मग हे गणित मांडणारा अभियंता निर्णयाच्या बैठकीत का नसतो, आणि असलाच तर त्याचे म्हणणे आमच्यापर्यंत का पोहोचत नाही? २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या महाराष्ट्राच्या वडनेरे समितीने सांगली-कोल्हापूरच्या पुराचा दोष कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर ठेवला नाही, हे आपल्याकडे आवर्जून सांगितले जाते. नदीपात्रातल्या अतिक्रमणांवर तिने ठेवलेले बोट मात्र दोन्ही राज्यांना दिसत नाही. सोयीचा तेवढाच तज्ज्ञ खरा, ही रीत पुरापुरती नाही. राज्याच्याच तांत्रिक सल्लागार समितीने नोव्हेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा इशारा दिला होता, तरी १७ एप्रिल २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीसाठी गर्दीच्या सभा झाल्या. त्या लाटेत माझे थोरले बंधू गेले. त्या इशाऱ्याचे काय केले, याचा जाब कोणी कोणाला विचारला?

निर्णय आपणच घ्यावा, तो आपला अधिकार आहे. परंतु तज्ज्ञांचा लेखी सल्ला त्याच दिवशी जाहीर व्हावा, तो डावलला तर त्याची कारणे आपल्या सहीनिशी लोकांना कळावीत, पावसाळ्याचे चार महिने तालुक्याच्या ठिकाणी अधिकार असलेला अभियंता बसावा आणि आमच्या चावडीवरचा तो फळा पुढच्या जूनपूर्वी दोन्ही भाषांत लिहिता व्हावा.

आपला,
दूधगंगाकाठचा एक शेतकरी