तळाची ओळ

प्रिय रेवा,
अनेक आशीर्वाद.

कॉलेज सोडून पूर्णवेळ टेनिसच्या टूरवर, म्हणजे देशोदेशीच्या व्यावसायिक स्पर्धा खेळत, जायचं म्हणतेस. पत्रात २०२५ च्या विम्बल्डन विजेतीचे ३० लाख पौंड ठळक लिहिलेस. मी मात्र बक्षिसांच्या त्याच तक्त्याची तळाची ओळ वाचली: एकेरीत पहिल्याच फेरीत हरलं तरी ६६ हजार पौंड. टेनिसची खरी मेख या ओळीत आहे. जागतिक रँकिंग शंभरच्या आसपास असेल तर मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे पात्रता फेरी न खेळता मूळ स्पर्धेत, थेट प्रवेश मिळतो. विम्बल्डनसारख्या चारही मोठ्या स्पर्धांत, म्हणजे ग्रँड स्लॅममध्ये, पहिल्या फेरीत हरलीस, तरी कोच आणि प्रवासाचा वर्षाचा खर्च सुटतो. शंभरच्या त्या रेषेच्या खाली चित्र पार बदलतं.

तू सुरुवात करशील ती आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) सर्वांत खालच्या स्पर्धांतून. तिथे एकूण बक्षीसच १५ हजार डॉलर, तेही एकेरी-दुहेरीत वाटलेलं. पहिल्या फेरीत हरलीस तर हातात दोनशे डॉलरही येत नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी त्यातूनही कर कापतात. हॉटेल, जेवण, रॅकेटचं गटिंग (तारा बांधणं) सगळं आपलं. परतीचं तिकीट आधी काढता येत नाही, कारण मंगळवारी हरणार की रविवारी फायनल खेळणार हे कुणाला माहीत? ऐनवेळचं तिकीट महागच पडतं. दुखापत झाली तर कमाई बंद. इथे क्लबचा पगार नसतो.

सुमित नागलचं आठव. सप्टेंबर २०२३ मध्ये तो भारताचा अव्वल एकेरी खेळाडू होता आणि खात्यात ९०० युरो उरल्याचं त्याने जाहीरपणे सांगितलं. चारच महिन्यांत तो ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीतून आत गेला, कझाकस्तानच्या बुब्लिकला हरवलं आणि एका स्पर्धेने वर्षाचं गणित फिरवलं. खेळ काही चार महिन्यांत इतका बदलत नाही. पैशाची रचनाच अशी डोंगरकड्यासारखी आहे, आणि मला ती अन्यायाची वाटते.

मी नको म्हणत नाही. पण डॅनियल कॉलिन्स अमेरिकेत कॉलेज टेनिस खेळून मग टूरवर आली आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलला पोहोचली, तोही रस्ता नीट तपास. तरीही टूरच हवी असेल, तर पुढच्या सहा महिन्यांच्या स्पर्धा निवड, प्रत्येकीचा खर्च मांड, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या फेरीत हरलीस असं धरूनच जमेची बाजू लिही. कागद पाठव, मग पैशाचं बाबांशी मी बोलते.

तुझी,
आई