समुपदेशकांना शिकवायला शिकवा : शिक्षणमंत्र्यांना साताऱ्याहून खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सातारा-सांगलीतल्या अनुभवी समुपदेशकांमधून ॲडलरच्या मानसशास्त्राचे शिक्षक तयार करण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्यात पोवई नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर माझी समुपदेशनाची खोली आहे. बावीस वर्षं झाली. आईबाप मुलाला घेऊन येतात आणि खुर्चीत नीट टेकायच्या आत सांगतात, "बाई, याला न्यूनगंड आहे." कोरेगावची आई असो नाहीतर मेढ्याचे वडील, शब्द तोच. हा शब्द आपल्या तोंडी रुळला तो आल्फ्रेड ॲडलर या व्हिएन्नाच्या डॉक्टरांच्या विचारातून. शब्द घरोघरी पोचला, पण त्यामागची मुलांबरोबर काम करायची रीत उंबऱ्याबाहेरच राहिली. ती आत कशी आणता येईल, यासाठी हे पत्र.

ॲडलर १८७० साली जन्मले. लहानपणी मुडदूस झाला, त्यामुळे चालायला उशीर. चार-पाच वर्षांचे असताना न्यूमोनिया झाला आणि हा मुलगा हातचा गेला असं डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं. ते ऐकलेला हा मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. १९११ मध्ये मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्यापासून वेगळे झाल्यावर त्यांनी जे मांडलं ते शाळेतल्या मास्तरांना लगेच पटेल असं आहे. मोठ्या माणसांच्या जगात प्रत्येक मूल स्वतःला छोटं समजतं. त्या न्यूनभावातूनच ते धडपडतं, शिकतं. आपण इथे कुणालाच नको आहोत असं त्याच्या मनाने घेतलं, की मग ते भलत्या वाटेने जागा मिळवू बघतं. उद्धट मूल, मुकं मूल, वर्ग बंद पाडणारं मूल, सगळी जागाच शोधत असतात.

पहिल्या महायुद्धानंतर ॲडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिएन्नात शाळांना जोडून बालमार्गदर्शन केंद्रं काढली. १९२४ मध्ये ते तिथल्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले. त्यांची शिकवायची पद्धत फार वेगळी होती. आई, मूल आणि समुपदेशक समोर बसायचे, आणि मास्तर, पालक, शिकाऊ डॉक्टर सगळे ऐकायला. बंद दाराआडचं काम त्यांनी चारचौघांत आणलं. १९३४ मध्ये ऑस्ट्रियात लोकशाही मोडीत निघाली आणि ही केंद्रं बंद पडली. त्यांचे शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी हीच पद्धत शिकागोत नेली, पुढे १९६२ पासून उन्हाळी प्रशिक्षण शाळाही सुरू केल्या. त्या आजही दरवर्षी भरतात.

आता आपल्याकडचं सांगते. काही वर्षांपूर्वी मला तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून एका शिक्षक प्रशिक्षणाला बोलावलं होतं. सभागृहात सव्वाशे शिक्षक, तीन तास, तयार पीपीटी. मी ती वाचून दाखवली. शेवटी मागून एक गुरुजी उठले : "मॅडम, माझ्या वर्गातलं पोरगं रोज बाकाखाली जाऊन बसतंय. काय करू?" मी उत्तर दिलं : त्याच्याकडे लक्ष देऊ नका, बाहेर आलं की त्याला काम द्या. टाळ्या पडल्या. वर्षाने ते गुरुजी एसटी स्टँडवर भेटले. तेच उत्तर त्यांनी वर्गातल्या प्रत्येक अडलेल्या मुलाला लावलं होतं, आणि एक घाबरलेली मुलगी तर शाळेत यायचीच बंद झाली होती. त्यांनी मला दोष दिला नाही. मी मात्र ते आजवर विसरलेले नाही. त्यांना उत्तर देऊन भागणार नव्हतं, बघायचं कसं ते शिकवायला हवं होतं. ते मला येत नव्हतं.

बघायचं कसं, याचं एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पाटण तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. चौथीतला मुलगा शेजारच्यांच्या वह्या फाडायचा. वडील नवी मुंबईत माथाडी, आई त्यांच्याजवळ, मुलगा आजीकडे. आजीची, मुलाची आणि फोनवरून आईवडिलांची संमती घेऊन आम्ही चौदा शिक्षकांसमोर बसलो. जे चारचौघांत विचारायचं नाही ते विचारायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. मी प्रथम त्याच्या गुरुजींना विचारलं, "तो वही फाडतो तेव्हा तुम्हाला काय होतं? चिडचिड, राग, की आणखी काही?" ते जरा थांबून म्हणाले, "वाईट वाटतं, बाई. एवढं करतो मी त्याचं, आणि हे..."

ड्रायकर्स यांनी मुलाच्या चुकीच्या वागण्यामागची चार उद्दिष्टं सांगितली आहेत : लक्ष वेधणं, सत्ता गाजवणं, सूड घेणं आणि हार मानून बाजूला बसणं. यातलं कुठलं, ते मोठ्या माणसाच्या भावनेवरून कळतं. नुसता वैताग आला तर बहुतेक मूल लक्ष मागतंय. 'हा कोण मला शिकवणार' असा संताप आला तर सत्तेची ओढाताण. मनाला लागलं तर सूड. आणि आपणच हात टेकले तर मुलानेही टेकलेत. गुरुजींच्या मनाला लागलं होतं.

मग मुलाला हळूच विचारलं, "तुझ्याकडे सगळ्यांनी बघावं म्हणून फाडतोस, असं असेल का?" तो ढिम्म. "मला कुणी थांबवू शकत नाही हे दाखवायला, असं असेल का?" तरी ढिम्म. "मला जसं दुखलं तसं दुसऱ्यालाही दुखावं, असं असेल का?" त्याने मान खाली घातली, आणि ओठाच्या एका कोपऱ्यात पटकन हसू आलं आणि गेलं. आपलं गुपित कुणाला तरी कळलं, याचं ते हसू. आजीने पदर डोळ्याला लावला. चौदाही शिक्षकांनी ते हसू पाहिलं. पीपीटीत ते दाखवता येत नाही, महोदय.

त्याला पहिलीच्या मुलांच्या वह्यांना कव्हरं घालायचं काम दिलं, आजीने खळ करून दिली. आईने रोज रात्री ठरल्या वेळी फोन करायचं कबूल केलं. दोन महिन्यांनी वह्या फाटायच्या पुरत्या थांबल्या नव्हत्या, पण कमी झाल्या होत्या. गुरुजी त्याच्याशी वेगळं बोलायला लागले होते. "हुशार आहेस" म्हणायच्या ऐवजी "तीनदा खोडून पुन्हा केलंस, म्हणून शेवटी जमलं" असं. कौतुक आणि उमेद देणं यात ॲडलरपंथी जो फरक करतात तो हाच.

हे मी पुण्यात एका ज्येष्ठ समुपदेशक बाईंकडे शिकले. तीन वर्षं, महिन्यातला एक शनिवार-रविवार, पहाटेची स्वारगेटची एसटी धरून. शिकताना आधी स्वतःच्या लहानपणीच्या आठवणी काढून तपासाव्या लागल्या, कारण आपल्याच जुन्या जखमा समोरच्या मुलात दिसायला लागतात. असं असूनही, एका सहकारी मैत्रिणीला मी हे शिकवायला गेले तेव्हा फसले. ती सरकारी दवाखान्यात एचआयव्ही तपासणी केंद्रावर पंधरा वर्षं समुपदेशक. रिपोर्ट ऐकून कोसळलेल्या माणसाजवळ कसं बसायचं हे तिच्याकडून शिकावं. पण तिने माझे प्रश्न पाठ केले आणि परवचा म्हटल्यासारखे विचारले. मूल प्रत्येकाला "हो" म्हणत गेलं. कुठे चुकतंय हे मला दिसत होतं, पण तिला कसं सांगू ते सुचत नव्हतं.

आपल्याकडे मुलांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला भोपळा बांधतात. तो कधी सैल करायचा आणि कधी सोडायचा, हे पोहता येणाऱ्या प्रत्येकाला कळत नाही. समुपदेशन येणं आणि समुपदेशन शिकवता येणं, या दोन निराळ्या विद्या आहेत. शिकाऊ माणूस कुटुंबासमोर अडखळला की किती वेळ गप्प बसायचं, मध्ये पडायचंच झालं तर त्याचा मान राखून कसं पडायचं, नंतर त्याच्याशी काय बोलायचं, हे सगळं सरावाने आणि कुणाच्या तरी नजरेखाली शिकावं लागतं.

सातारा-सांगलीत अशी अनुभवी माणसं भरपूर आहेत. दवाखान्यातले, किशोरवयीन मुलांच्या केंद्रांवरचे, कौटुंबिक न्यायालयातले, पोलिस ठाण्यांतल्या महिला कक्षांमधले. बरेच जण कंत्राटी. दहा-पंधरा वर्षं दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर घेत आलेले. नवख्यांना दोन दिवस शिकवून शाळाशाळांत पाठवण्याऐवजी यांना दोन वर्षं द्या, ही माझी विनंती आहे.

पुस्तकी मराठीचा अडसरही यांच्यामुळेच दूर होईल. ॲडलर ज्याला माणसाच्या निरोगीपणाची खूण मानत, ती 'आपण सगळ्यांतले एक' ही जाणीव, तिला आमच्या टिपणांत 'सामाजिक अभिरुची' म्हटलं होतं. दहिवडीच्या बैठकीत हे समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी एक अंगणवाडी ताई म्हणाल्या, "म्हणजे पैरा की. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या." मी त्या दिवसापासून पैराच म्हणते.

महोदय, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. अगदी योग्य केलं. पण हातातली छडी काढून घेतल्यावर त्या हातात दुसरं काय दिलं? मला भेटणारे बहुतेक शिक्षक मारकुटे नाहीत, ते भांबावलेले आहेत. साठ मुलांचा वर्ग, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, आणि त्यात एक मूल रोज आव्हान देणारं. ओरडायचं नाही तर करायचं काय, हे कुणी त्यांच्याजवळ बसून दाखवलेलंच नाही.

आणि हे साताऱ्याला सांगायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली, आपली कामं आपण करून शिकली. मूल आपल्या हाताने काही देऊ लागलं की ते उभं राहतं, हे अण्णांनी करून दाखवलं होतं. शिवाय गावोगाव शाळा काढायच्या तर आधी मास्तर तयार पाहिजेत, हेही त्यांनी ओळखलं आणि १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढलं. मी मागते आहे ते याच वाटेवरचं पुढचं पाऊल.

ॲडलर म्हणाले ते सगळं जसंच्या तसं शिकवा, असं मी म्हणत नाही. थोरला असा, शेंडेफळ तसं, हे त्यांचं जन्मक्रमाबद्दलचं म्हणणं लोकांना फार आवडतं. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत जन्मक्रमाचा स्वभावावर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. समलैंगिकतेबद्दलची त्यांची मतं तर आज सपशेल चुकीची ठरतात. ही मतं वर्गात गेली तर एखाद्या मुलाचं आयुष्य पोळेल. म्हणूनच शिकवणारा जाणता हवा. काय घ्यायचं आणि काय टाकायचं हे तीन तासांच्या प्रशिक्षणातून आलेल्या माणसाला ठरवता येणार नाही.

विचारांची मुळं परदेशात असली म्हणून बिचकायचं कारण नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजली ती कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि मग इतरांना शिकवली, म्हणून. एलिस स्वतः ॲडलरचं ऋण मान्य करत. एका पद्धतीला आपल्या भाषेत शिकवणारा भेटला, दुसरीला अजून भेटायचा आहे.

माझं मागणं नेमकं आहे. दोन्ही जिल्ह्यांतून किमान दहा वर्षं काम केलेले वीस समुपदेशक निवडा. कंत्राटी असतील तर त्यांचे प्रशिक्षणाचे दिवस कामाचे धरा आणि प्रवासभत्ता द्या. नाहीतर येतील ते फक्त परवडणारे, आणि माण-खटाव, जत-आटपाडीचे येणारच नाहीत. पहिलं वर्ष पद्धत शिकण्याचं, स्वतःवरच्या कामासह. दुसरं वर्ष शिकवण्याचं : प्रत्येकाने शाळेत शिक्षकांसमोर खुली सत्रं घ्यायची, मागे जाणकार बसलेला, आणि सत्रानंतर तासभर चर्चा. जागा आहेत. फलटणची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, सांगलीची आहे, प्रमाणपत्रासाठी शिवाजी विद्यापीठ आहे. सुरुवातीला बाहेरचे अनुभवी शिक्षक बोलवावे लागतील, दुभाष्यासह बोलवू. तयार झालेल्यांना मग आसपासच्या शाळांचं जे केंद्र असतं त्याच्या मासिक शिक्षण परिषदेत दर महिन्याला एक तास द्या. परिपत्रकं वाचण्यात जाणाऱ्या वेळातला एक तास मिळाला तरी पुरे. आणि कृपा करून हे काम निविदा काढून एखाद्या एजन्सीला देऊ नका. सहा महिन्यांत आकडे भरून मिळतील, पण वहीमागचं मूल कुणाला दिसणार नाही.

येत्या जूनमध्ये शाळा भरल्या की पाटण तालुक्यात आमचं पुढचं खुलं सत्र आहे. जमिनीवर सतरंजी असते, पंखा असला तर असतो. आपण एकदा यावं. स्वागत, हारतुरे काही नको, त्याने मुलं बुजतात. मागे शिक्षकांमध्ये बसावं आणि एक तास मुलाच्या चेहऱ्याकडे बघावं. तारीख आपल्या कार्यालयाला कळवते.

आपली,
साताऱ्यातली एक समुपदेशक