बीकेच्या तासाला शिक्षक नाही, आणि बारावीची परीक्षा महिन्यावर आली : शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका मार्केट यार्डात अडत दुकानावर दिवाणजी आहे, म्हणजे हिशेब लिहिणारा, २७ वर्षं झाली. मुलगी बारावी कॉमर्सला आहे, मराठी माध्यम. काल संध्याकाळी तिचे सराव परीक्षेचे पेपर मिळाले. पुस्तपालन व लेखाकर्म, म्हणजे ज्याला पोरं बीके म्हणतात, त्यात ८० पैकी २१. पोरीने पेपर माझ्यापुढे ठेवला, आत गेली आणि जेवली नाही. मी तो पेपर दुकानाच्या हिशेबासारखा ओळ न् ओळ तपासला, मग झोप लागेना म्हणून हे लिहायला बसलोय.

याच विषयात प्रकल्प आणि तोंडीचे तिला २० पैकी १८ आहेत. तोंडीला तिला एकही प्रश्न विचारला नाही. प्रकल्पाची वही झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळते, सगळ्या वर्गाने तीच आणली, सगळ्यांना १७-१८. म्हणजे शिक्षण खात्याच्या कागदावर माझी पोरगी विषयात हुशार आहे.

आता खरं काय ते ऐका. जूनमध्ये बीकेला एक सर आले, तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. चांगले शिकवायचे असं पोरगीच सांगायची. गणपतीनंतर ते सोडून गेले, कारण तासाचे पैसेच चार महिने मिळाले नव्हते. आता ते एका ट्रॅक्टरच्या शोरूमला अकाउंटंट आहेत, मला यार्डात भेटले, हात जोडून म्हणाले, घर चालवायचं होतं हो. त्यांना मी काय बोलणार? मग मी कॉलेजात गेलो. सांगितलं, दिवाळीनंतर शिक्षक देतो. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, संक्रांत आली. बीकेच्या तासाला राज्यशास्त्राचे सर वर्गावर बसतात आणि गाइडमधली सोडवलेली उदाहरणं फळ्यावर उतरवून देतात. त्यांचाही दोष नाही, त्यांचा तो विषयच नाही. कॉलेजचं नाव मी इथे लिहीत नाही, पोरीचं वर्ष तिथेच पुरं व्हायचंय.

बारावीच्या बीकेत काय काय आहे ते मी पुस्तक घेऊन बघितलं. भागीदारीची अंतिम खाती, नफा न कमावणाऱ्या संस्थांची खाती, भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती, मृत्यू, मग संस्थेचं विसर्जन, हुंडी, भागांची विक्री, वित्तीय पत्रकांचं विश्लेषण आणि शेवटी संगणकीय लेखांकन. दहा धडे. एवढं सगळं सतरा वर्षांच्या पोराने गाइड बघून एकट्याने शिकायचं?

काल रात्री अकरा वाजता तिला उठवलं आणि पेपरातलंच अंतिम खात्याचं उदाहरण परत सोडवायला लावलं. ताळेबंद ३,२०० रुपयांनी जुळेना. मी बघितलं तर देणे मजुरी ३,२०० तिने व्यापार खात्यात मजुरीत मिळवली होती, ताळेबंदात देयतेच्या, म्हणजे देण्याच्या बाजूला दाखवलीच नव्हती. म्हटलं, आपल्या दुकानातल्या हमालांची शनिवारची मजुरी द्यायची राहिली, तर तो खर्च झाला का? म्हणाली, झाला, काम तर केलंय त्यांनी. मग ते पैसे आपण कुणाचे तरी देणं लागतो का? ती थांबली. डोळे मोठे झाले तिचे. म्हणाली, पप्पा, म्हणून दोन ठिकाणी लिहायचं? अशा राहिलेल्या नोंदीचे, म्हणजे समायोजनेचे, दोन परिणाम असतात हे तिला कुणी कधी कारणासकट सांगितलंच नव्हतं साहेब, नुसतं पाठ करायला लावलं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. पाच मिनिटं शिकवणारा माणूस नव्हता म्हणून तिचे तेवढे मार्क गेले आणि आपल्याला काही येत नाही असं तिच्या डोक्यात बसलं, हे मला सहन होत नाही.

पण ख्याती, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाची किंमत, आणि मालमत्तेची किंमत नव्याने धरायचं पुनर्मूल्यांकन खातं मी तिला शिकवू शकत नाही. बोर्डाच्या पद्धतीने तो नमुना कसा मांडायचा ते मला आता आठवत नाही, मी बारावी झालो १९९३ ला. आणि ज्यांच्या घरात बाप दिवाणजी नाही त्यांचं काय? तिच्या वर्गात ६४ मुलं आहेत, बहुतेकांचे आईबाप रानात नाहीतर हमालीला.

संगणकाचं तर विचारूच नका. शेवटचा धडा संगणकातल्या हिशेबाचा, आणि कॉलेजातली संगणकाची खोली कुलूपबंद, कारण काय तर बॅटऱ्या फुगल्यात. टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकायला मी तिला मे महिन्यात बाहेर साडेसहा हजार भरून क्लास लावला. आज आमच्या बाजारात साध्या किराणा दुकानदारालाही हिशेब येणारं माणूस लागतं. २०१७ ला जीएसटी आला, आता दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला ११ तारखेला एक रिटर्न, २० तारखेला दुसरं, उशीर झाला की दंड. तालुक्याच्या गावात बारावी झालेल्या पोरीला घर न सोडता जी कामं मिळू शकतात त्यात हे एक नंबरचं काम आहे. आणि त्याच विषयाला तुम्ही शिक्षक देत नाही.

चौकशी केली की उत्तर मिळतं, तुकडी विनाअनुदानित आहे, शासनाचा संबंध नाही. संबंध कसा नाही? मान्यता तुमची, पुस्तक बालभारतीचं, परीक्षा बोर्डाची, परीक्षा फी बोर्डाची, नापासाचा शिक्का बोर्डाचा. फक्त शिकवणाऱ्याच्या पगाराशी संबंध नाही? २००९ ला शाळांच्या आणि २०१४ ला कनिष्ठ महाविद्यालयांच्या 'कायम विनाअनुदानित'मधला 'कायम' शब्द काढलात, मग २० टक्के, ४० टक्के असं करत अनुदानाचे टप्पे, आणि त्या टप्प्यासाठी २०२५ च्या जुलैत शिक्षकांना भर पावसात आझाद मैदानात बसावं लागलं. २०२३ ला कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षणसेवकाचं मानधन २० हजार केलंत, त्याचं कौतुक झालं. आमच्याकडच्या तासिकेवरच्या माणसाला त्याच्या निम्मेही सुटत नाहीत, तेही वेळेवर नाही.

२०२५ ला अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन केलेत. माझ्या पुतण्याचा फॉर्म मीच भरला. सुरुवातीला साइटच बसली, तीन दिवस मोबाइल घेऊन फिरत होतो. जागा किती, फी किती, माध्यम कोणतं, सगळं दिसलं. या विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहे की नाही, ते मात्र मला कुठेही सापडलं नाही. आईबापाला तेच पहिलं कळायला पाहिजे की नको?

आणि २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण. मी वाचलंय ते, दुपारी यार्डात लिलाव संपल्यावर वेळ असतो. त्यात लिहिलंय की १९ ते २४ वयाच्या आपल्या मनुष्यबळात ५ टक्क्यांहून कमी लोकांनी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलंय, जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६. आणि लिहिलंय की २०२५ पर्यंत निदान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळेल. २०२५ संपलं. आमच्या पोरांना कुणी एक रोजकीर्द, रोजच्या नोंदींची वही, हातात धरून दाखवलेली नाही. तुमच्या मंत्रालयातून चालत जाता येईल एवढ्यावर सिडनहॅम कॉलेज आहे, १९१३ ला सुरू झालेलं, आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज म्हणतात त्याला. ज्या राज्यात हे कॉलेज सुरू झालं त्याच राज्यात आज कॉमर्स म्हणजे सायन्सला मार्क कमी पडले त्यांची जागा, असं गावोगाव मास्तरच सांगतात. सायन्सला प्रयोगशाळा नसेल तर मान्यतेला अडचण येते. कॉमर्सला फळा आणि बाकडी असली की झालं. हा भेदभाव कुणी ठरवला? निवडणूक आली की सगळ्या पक्षांच्या गाड्या आमच्या यार्डातून फिरतात, हमालांच्या पाठीवर हात ठेवतात, आणि त्याच हमालाची पोरगी हिशेब शिकायला निघाली की तिच्या वर्गात शिकवायला माणूस नाही.

मला मदत नको, भेट नको. परीक्षेपर्यंत या भागातल्या ज्या ज्या कॉलेजात बीकेला शिक्षक नाही तिथे कुणाला तरी पाठवा, निवृत्त सर असतील, जवळच्या कॉलेजातले असतील, आठवड्याला सहा तास दिले तरी पोरं उभी राहतील. तासिकेचे पैसे दर महिन्याला द्या. त्या खोलीचं कुलूप काढा. आणि आठवी-नववीपासून ज्याला हवं त्या पोराला रोजमेळ, खतावणी, पासबुक जुळवणं एवढं तरी शिकता येईल असा विषय ठेवा.

उद्या आमच्याकडे कांद्याचा लिलाव आहे, मला पाचला उठायचंय. पोरगी अजून जागी आहे, भागीदाराच्या प्रवेशाचं उदाहरण घेऊन बसलीय, आणि ख्यातीची रक्कम कुणाच्या खात्यावर जमा करायची ते आत्ता दुसऱ्यांदा विचारायला आली होती.

आपला,
बारावी कॉमर्सच्या एका मुलीचा बाप
जि. सोलापूर