काकूंच्या डायबिटीसच्या गोळ्यांबद्दल

महाल, नागपूर
२३ मे

प्रिय मित्रा,

काकूंचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट) ७.९ आला आणि तू डॉक्टरांना गोळी वाढवायला सांगणार आहेस, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. थोडा थांब रे. आधी आमच्या बाबांचं ऐक.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बाबा ७८ वर्षांचे, साखर कमी करणारी ग्लिबेनक्लामाइड ही गोळी कितीतरी वर्षांपासून सुरू. त्या दिवशी एकादशी. सकाळी गोळी घेतली आणि भगर दोन घास खाऊन बाजूला सारली. दुपारी चारला कूलरसमोर बसले होते, तरी बनियन घामानं चिंब. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कोणाचा रे?" आम्हाला वाटलं ऊन लागलं. तळपायाला कांदा चोळत बसलो, त्यात पाऊण तास गेला. शेजारच्या वहिनींनी मशीन आणलं, बोट टोचलं, तर साखर फक्त ४३! गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी त्यांनी माझं नाव घेतलं. मी तिथेच रडलो. पण रात्री साखर पुन्हा उतरली आणि दवाखान्यात न्यावंच लागलं.

ही गोळी अंगात दिवसभर रेंगाळते, थकलेल्या किडनीतून लवकर निघत नाही, आणि जेवण झालं नसलं तरी इन्सुलिन सोडायला लावते. म्हाताऱ्या माणसांना ती टाळावी, असंच आता सांगतात. काकूंची ग्लिमेपिराइड त्याच घराण्यातली. धोका कमी, पण आहेच.

बाबांना मग जुन्या गोळीऐवजी लिनाग्लिप्टिन दिली. तिनं एकटीनं सहसा साखर पडत नाही, आणि किडनीमुळे डोस बदलावा लागत नाही. महाग वाटली तर सिटाग्लिप्टिन आहे, २०२२ मध्ये पेटंट संपल्यापासून ती स्वस्त झाली. तिचा डोस मात्र किडनी बघून ठरवतात. बाबांचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, ४१, म्हणून त्यांची डायबिटीसची दुसरी गोळी मेटफॉर्मिन अर्ध्यावर आणली. ३० च्या खाली गेला तर ती बंदच. तिच्यामुळे बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, म्हणून ते पण तपासून घ्यायला सांगितलं. डापाग्लिफ्लोझिन या आणखी एका गोळीबद्दल मी स्वतः विचारलं. हृदयाला, किडनीला चांगली, पण लघवीवाटे साखरेबरोबर पाणीही जातं. आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन आणि बाबा तर मागूनही पाणी पीत नाहीत! डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यात बघू.

काकू ७९ वर्षांच्या, गेल्या वर्षी न्हाणीत पडलेल्या, दुपारभर घरात एकट्या. अशांसाठी ८ पर्यंत चालतं. त्या ७.९ ला तू आजार समजतो आहेस, मला तर त्यांची दुपारची साखर किती असते याची काळजी वाटते. जेवणाआधी चार दिवस साखर मोजून कागदावर लिहून ठेव. मनानं काही बंद करू नकोस. तो कागद आणि किडनीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ग्लिमेपिराइडच्या जागी दुसरं काही देता येईल का, एवढं विचार.

बाबांच्या सदऱ्याच्या खिशात आता ग्लुकोजची पुडी असते. काकूंच्या उशाशी आजच ठेव.

तुझाच,
महालातला मित्र