ओकलंडला संघ का नाही

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर विचारलंत ना, कॅलिफोर्नियातल्या आमच्या ओकलंडसारख्या एवढ्या मोठ्या गावाला खेळाचा एकही बडा संघ कसा नाही म्हणून? उत्तर लांबण लावणारं आहे, म्हणून लिहूनच पाठवतेय.

नव्हते असं नाही, चांगले तीन होते. बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ ला खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत गेले. फुटबॉलचे (म्हणजे इकडचा, चेंडू हातात धरून पळायचा) रेडर्स २०२० मध्ये लास व्हेगासला. तिथल्या स्टेडियमसाठी हॉटेलांवर कर बसवून ७५ कोटी डॉलर सरकारी पैसा दिला गेला. राहता राहिले बेसबॉलचे ॲथलेटिक्स. तेही सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटचा सामना खेळून गेले. सध्या सॅक्रामेंटोजवळ एका चौदा हजारी मैदानात खेळतात आणि नावाआधी कुठल्याच गावाचं नाव लावत नाहीत. पुढे २०२८ ला लास व्हेगासला जायचा बेत आहे.

जून २०२३ मध्ये लोकांनी ठरवून ॲथलेटिक्सचं इथलं स्टेडियम भरवलं होतं, मीही गेले होते. एरवी रिकाम्या खुर्च्या, त्या दिवशी सत्तावीस हजारांवर माणसं. सगळ्यांच्या हिरव्या टी-शर्टांवर एकच शब्द, 'सेल' (Sell), म्हणजे विका. मालका, संघ विकून टाक, पण इथेच राहू दे. पाचव्या डावाच्या सुरुवातीला सगळे चिडीचूप बसले आणि मग एकदम आरडाओरडा नि ढोल. सामनाही जिंकलो. उपयोग शून्य. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत मदत मंजूर केली.

गोम अशी की संघ किती आणि कुठे, हे लीग म्हणजे मालक मंडळीच ठरवतात. बेसबॉलचे तीस, फुटबॉलचे बत्तीस, बस्स. खालच्या लीगमधून जिंकत जिंकत वर चढायची सोय नाही. त्यामुळे कुठलं ना कुठलं शहर संघासाठी कायम ताटकळत असतं, आणि मालक आपल्या गावाला दम देतो, स्टेडियम बांधून द्या नाहीतर चाललो. बेसबॉलला तर १९२२ पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालाने मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूटच आहे.

अर्थात ओकलंडवाल्यांनी फार गळा काढू नये. हा ॲथलेटिक्स संघ मूळचा फिलाडेल्फियाचा, मग कॅन्सस सिटीचा, आणि तिथून १९६८ ला इथे आला. सॅन फ्रान्सिस्कोचे जायंट्स न्यूयॉर्कचे, लॉस एंजेलिसचे डॉजर्स ब्रुकलिनचे. दोघांनी १९५७ च्या हंगामानंतर गाव सोडलं. त्याआधी अमेरिकेच्या या पश्चिम किनाऱ्यावर बेसबॉलचा एकही बडा संघ नव्हता.

अपवाद ग्रीन बे या गावाचा. वस्ती जेमतेम लाखभर, पण फुटबॉलचे पॅकर्स तिथून हलत नाहीत, कारण त्यांना एक मालक नाही, पाच लाखांवर भागधारक आहेत. लाभांश नाही, शेअर नफ्याने विकता येत नाही, तरी लोक हौसेने घेतात. दुसऱ्या कुणाला असं करता येऊ नये म्हणून लीगने नियमच करून ठेवलाय, आहे की नाही गंमत? तुम्हाला हे नवं नाही म्हणा. आपल्या पुण्याचे आयपीएलमधले आधी वॉरियर्स गेले, मग सुपरजायंट, आणि गहुंजेचं स्टेडियम तेवढं मागे राहिलं.

तुम्ही उन्हाळ्यात आलात की रेमंडी पार्कला जाऊ. ओकलंड बॉलर्स हा छोटा संघ इथल्याच लोकांनी काढलाय, २०२४ पासून खेळतो, आणि त्याचे भाग प्रेक्षकांनाही विकलेत. आई, तुला बेसबॉल कळला नाही तरी चालेल, पण संध्याकाळी खाडीवरून गार वारा सुटतो, स्वेटर बॅगेत वरच ठेव. आणि बाबांच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट आणा.

तुमची,
सोनू