ओवीच्या पाच ओळी

आष्टी, जि. बीड
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला तुझ्या ओवीच्या वहीचा फोटो बघितला. 'ऐकलेल्या गोष्टीवर पाच ओळी लिही' असा अभ्यास, त्याखाली जेमतेम अर्धी ओळ, तीही खोडरबरानं कागद फाटेस्तोवर घासलेली, आणि कोपऱ्यात लाल शेरा : 'अपूर्ण'. पोरगी मागे पडली का, असं तू विचारतोस. वहिनींनी तर क्लाससुद्धा बघून ठेवलाय म्हणे. फोनवर सांगितलं असतं तर तू 'बरं बरं' म्हणून गाडीला किक मारली असतीस, म्हणून बसून लिहितोय. आज रविवार आहे. तसाही वर्ग सध्या निम्मा रिकामाच असतो. उसाच्या टोळ्या गेल्या, त्यांच्याबरोबर माझी बरीच पोरंही गेली. जी आजी-आजोबांकडे राहिलीत त्यांच्यावर शाळा चालू आहे.

आधी सरळ उत्तर देतो : ओवी मागे पडलेली नाही. जूनमध्ये पहिलीत बसलेल्या पोरीकडून नोव्हेंबरात पाच ओळी मागणं हीच घाई आहे. तुझा माझ्यावर विश्वास नसेल तर सरकारी कागद बघ. २०२१ च्या जुलैत लहान मुलांच्या लिहिण्या-वाचण्यासाठी केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान सुरू झालं, त्यात पहिलीच्या अखेरीस मुलानं चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचावीत अशी अपेक्षा धरली आहे. नुसती वाचावीत, आणि तीही वर्षाच्या शेवटी. तिथं ओवीच्या शाळेला दिवाळी झाल्या झाल्या स्वतःच्या मनानं रचलेल्या पाच ओळी हव्यात.

पण तुझ्याच मेसेजमध्ये मला एक वाक्य सापडलं, ते तू ओझरतं लिहिलंस. काकू रोज रात्री म्हातारीची आणि भोपळ्याची गोष्ट सांगतात आणि ओवी ती दुसऱ्या दिवशी वाघाच्या आवाजासकट सगळी सांगते, असं तू म्हणतोस. अरे, मग वाक्यं आहेतच की तिच्याकडे! तोंडात तयार आहेत. ती हातापर्यंत पोचत नाहीत एवढंच.

ती का पोचत नाहीत, ते बघ. तिनं ठरवलं, 'म्हातारी भोपळ्यात बसली' असं लिहायचं. पहिलंच अक्षर म्ह. अर्धा म आधी की ह आधी, इथंच गाडी अडली. ते कसंबसं जमवलं तर पुढे 'भोपळ्यात'. भ ला काना आणि मात्रा, मग ळ्या. एवढ्यात ते वाक्य ओंजळीतल्या पाण्यासारखं गळून गेलेलं असतं. मान वर करून पोर विचारतं, "गुरुजी, मी काय लिहीत होतो?" मोठ्यांना हे लक्षात येत नाही, कारण आपला हात अक्षर न विचारता लिहितो. पोराला मात्र गोष्ट धरून ठेवायची, तिच्यातलं एक काहीतरी निवडायचं, त्याचं वाक्य करायचं, ते न विसरता एकेक आवाज सुटा करून त्याचं अक्षर आठवायचं आणि ते दुरेघी वहीच्या दोन रेघांत बसवायचं असतं. त्यातून या गोष्टीतली पात्रं बघ, म्हातारी काय, कोल्हा काय, सगळी जोडाक्षरवाली. एकटा बिचारा वाघ सोपा. माझ्या वर्गात या गोष्टीवर पहिलं लिहिलं जाणारं वाक्य बहुतेक वेळा 'वाघ आला' हेच असतं, त्याचं कारण हे.

आता तू म्हणशील, मॉन्टेसरीबाईंच्या शाळेत चार-पाच वर्षांची पोरं लिहीत होती. बरोबर आहे. रोममध्ये १९०७ साली त्यांनी बालगृह काढलं, तिथली मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटं फिरवता फिरवता वाचण्याआधीच लिहायला लागली. पण ती सुरुवातीला सुटे शब्द लिहीत होती, ऐकलेल्या गोष्टीचा गोषवारा नव्हे. शिवाय इटालियनची अक्षरं एकापुढे एक रांगेत उभी राहतात. आपल्याकडे मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, काना उजवीकडे, आणि पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी काढायची पण म्हणायची नंतर. 'चिमणी' लिहिताना पोरं च आधी काढतात आणि मग वेलांटीला जागा शोधत मागे येतात. त्यांच्या कानाच्या हिशेबानं ते अगदी रास्त आहे. नुसती बाराखडी धरली तरी चारशेच्या वर आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये आला. त्यात दिसतं की अशा लिपीत अक्षरओळख वर्षभरात आटपत नाही, ती पुढच्या इयत्तांतही चालूच राहते. कन्नड आणि देवनागरी या बाबतीत बहिणी-बहिणीच. तेव्हा ओवीला पाच महिन्यांत सगळं यावं, ही अपेक्षा तू तरी सोड.

मग तोवर काय करायचं? माझ्याकडे पोरं आधी चित्र काढतात. ते मी वेळ घालवायला देत नाही. रशियात लुरिया नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात एक गंमत केली होती. लिहिता न येणाऱ्या मुलांना तो वाक्यं ऐकवायचा आणि लक्षात ठेवायला म्हणून हातात कागद-पेन्सिल द्यायचा. अगदी लहानगी सगळ्या वाक्यांसाठी एकसारख्याच रेघोट्या मारायची. पण वाक्यात 'पुष्कळ', 'मोठं', 'काळं' असलं काही आलं की हळूहळू खुणा बदलायला लागायच्या. पुष्कळ असेल तर पुष्कळ टिंबं, काळं असेल तर गिरगटून काळं. नंतर त्या खुणेकडे बघून त्यांना वाक्य आठवायचं. मला विचारशील तर लिहिणं तिथं सुरू होतं, ग म भ न च्या बरंच आधी.

आमच्या वर्गातल्या एका पोरीनं परवा अख्ख्या पाटीभर एक भोपळा काढला आणि खाली तिरक्या रेघा ओढल्या. म्हटलं, हे काय? म्हणाली, "उतार हाय. भोपळा थांबतच न्हाई." मी चित्राखाली खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'भोपळा थांबतच न्हाई.' तिच्या देखत, एकेक शब्द बोलत लिहिलं. मग तिनं बोट ठेवून ते वाचलं. तिला अजून थ येत नाही, पण तिनं बरोबर वाचलं, कारण वाक्य तिचंच होतं. आठवडाभर ती पाटी कुणाला पुसू देत नव्हती. शेवटी दुसरी पाटी दिली.

'न्हाई' का लिहिलं, 'नाही' का नाही, यावरून आमच्याकडे नेहमी वाद होतो. आसपासच्या शाळांच्या शिक्षण परिषदेत एका सरांनी मला ऐकवलंसुद्धा. माझं म्हणणं असं की पहिलं वाक्य पोराच्या तोंडचंच उतरावं. 'म्हातारी लेकीकडं गेलती' असं जे पोर बोलतं, त्याच्यासमोर मी 'गेली होती' लिहिलं तर त्याला वाटतं, आपण बोललो ते लिहिण्यासारखं नसतंच. मग ते बोलायचंच बंद होतं. प्रमाण मराठी पुढे पुस्तकांतून येतेच, तिला कोण अडवतंय? तुझ्या घरी हा प्रश्न नाही, पण ओवी काकूंचं ऐकून 'कोल्होबा लई लबाड' म्हणाली तर वहिनींना म्हणावं, 'लई' राहू द्या.

चुकांचंही तसंच. पोर स्वतः लिहायला लागलं की 'मातारी बोपळत बसली' असं काहीतरी येतं. शब्दांत जागा नसते, नाहीतर प्रत्येक शब्दानंतर पूर्णविराम ठोकलेला असतो. नीट बघितलं तर त्या चुकांना हिशेब असतो. पोरानं जे ऐकलं त्यातलं जेवढं त्याला अक्षरांत पकडता आलं तेवढं त्यानं पकडलं. ह निसटला, काना राहिला, पण म, त, र, ब, प, ळ सगळे आपापल्या क्रमानं हजर! अमेरिकेत चार्ल्स रीड यांनी १९७१ मध्ये शाळेत न गेलेल्या मुलांचं असलं स्वयंभू लेखन तपासून हेच दाखवलं. त्याच वर्षी कॅरल चॉम्स्की यांनी, मुलांना आधी असं लिहू द्या, वाचन मागून येऊ द्या, असं मांडलं. मी इतका पुढे जात नाही. मी एका वेळी एकच चूक दाखवतो, आणि तीही दुसऱ्या दिवशी. बाकीच्यांना लाल शाई लावत नाही. 'चूक मनात घट्ट बसते' अशी भीती सगळ्यांना वाटते, पण पोरं पुस्तकात 'म्हातारी' बघत राहतात आणि पुढे आपणच ह घालायला लागतात. चुकेल म्हणून न लिहिण्याची सवय मात्र लागली की सुटता सुटत नाही. ओवीचा तो घासून फाटलेला कागद मला म्हणूनच आवडला नाही. तिला खोडरबर देऊच नकोस. चुकलं तर वर एक रेघ मारून पुढे लिहायचं. नाहीतर सरळ पाटी आण, अजून मिळतात.

आणि त्या 'पाच ओळी'. माझा खरा राग त्यांच्यावर आहे. पाच म्हटलं की ओळी भरायच्या असतात. मग 'हा वाघ आहे. वाघ जंगलात राहतो. वाघाला चार पाय असतात.' यात गोष्ट कुठं आहे? हे वाघावरचं पाठांतर झालं. वर्गातल्या सगळ्या वह्यांत तेच सापडेल, कारण ते फळ्यावरून उतरवलेलं असतं. माझ्याकडे एका पोरानं 'मला वाग यडा वाटला' एवढंच लिहिलं होतं. वाघ म्हातारीला खायचं सोडून परत येण्याची वाट बघत बसला, म्हणून येडा. गोष्ट ऐकून त्यानं तिच्याबद्दल मत बनवलं, ते चार शब्दांत मांडलं. पाच ओळींच्या हिशेबात हेही 'अपूर्ण'च.

गोष्ट संपल्याबरोबर प्रश्न विचारायची आपली खोडही त्यातलीच. तात्पर्य काय, कोण कोणास म्हणाले. गुजरातेतले बालशिक्षणाचे जाणकार गिजुभाई बधेका भावनगरला बालमंदिरात आधी गोष्टी सांगत बसायचे आणि मुलं त्या गोष्टींवर जीव टाकायची. त्यांच्याबरोबर काम करून आलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, खडे आणले. पोराच्या आसपास जे आहे तिथून सुरुवात करायची ही त्यांची रीत. ओवीच्या आसपास काकू आहेत, यापेक्षा चांगलं साधन तुला कुठल्या क्लासात मिळणार आहे?

ती तयार झाली हे कसं ओळखायचं, असं विचारशील. ती लिहिताना शब्द लांबवून म्हणायला लागेल, वाऽऽघ. 'हे कसं लिहू?' म्हणून मागे लागेल. चित्राखाली, भिंतीवर, तुझ्या बिलांच्या पाठीवर काहीबाही लिहून ठेवेल आणि आज वाचलं तेच उद्या वाचून दाखवेल. हे दिसलं की एक वाक्य मागायचं, एकच. तोवर ती सांगेल आणि तू तिच्या समोर लिही. मग सगळं वाक्य तू लिहून शेवटचा शब्द तिच्यावर सोड. 'म्हातारी आणि कोल्हा तू लिही, बाबा, वाघ मी लिहिते' असं ती स्वतःच वाटून घेईल, बघ. बोटांची काळजी करू नकोस. शेंगा सोलू दे, रांगोळीची टिंबं काढू दे, कणकेची चिमणी करू दे. एकदा डोळे आणि कान मात्र तपासून घे. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मागे राहिलेली पोरं मी बघितली आहेत, आणि तिथं कितीही गोष्टी सांगून उपयोग होत नाही. ओवी दुसरीच्या मध्यावर असूनही अक्षरं ओळखीची होत नाहीत किंवा गोष्ट तोंडी सांगतानाच अडखळते असं झालं, तर मला फोन कर. तेव्हा मी असा निवांत बोलणार नाही.

ओवीच्या वर्गाच्या बाईंवर चिडून जाऊ नकोस. त्यांच्या वर्गात पोरं पुष्कळ असतील आणि वह्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून वरून तगादा असेल. तो आम्हालाही असतो. शांतपणे विचार, की ओवीनं चित्र आणि त्याखाली स्वतःचं एक वाक्य दिलं तर चालेल का. बहुतेक शिक्षिका 'हो' म्हणतात. त्यांनाही त्या पाच ओळी तपासायचा कंटाळाच आलेला असतो. आणि क्लासचे पैसे भरले नसतील तर भरू नका, असं वहिनींना माझ्या वतीनं सांग. माझ्यावर रागावल्या तर रागावू देत.

डिसेंबरच्या शेवटी हुरडा येईल. तीन दिवस रजा काढून सगळी या, काकूंनाही आणा. ज्वारी यंदा बरी आहे, पावसानं तुरीची मात्र वाट लावली. येताना ओवीची चित्रं घेऊन ये, वही नको. आमची पोरं तिला गोष्टी सांगतील, तिनं तिच्या सांगाव्यात.

काकूंना नमस्कार, वहिनींना नमस्कार, ओवीला पापा.

तुझा,
दत्ता