ते लिपिक नव्हते, ग्रेडर होते

संपादक महोदय,

मागच्या आठवड्यात आपल्या निधन वार्तांमध्ये चार ओळी आल्या होत्या. वय 81, निवृत्त लिपिक, मागे मुलं-सुना-नातवंडं असा परिवार. बाकी सगळं बरोबर आहे, लिपिक तेवढं चुकलं. ते कापसाचे ग्रेडर होते, म्हणजे कापूस पाहून त्याची प्रत ठरवणारे. नाव परत देत नाही. चारचौघांत कोणी त्यांचं नाव घेतलं की ते खाली पाहून चपला शोधायला लागत. मापाऱ्यापासून हमालापर्यंत आम्ही सगळे त्यांना काकाजीच म्हणायचो.

राज्यात 1972 पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. कापूस सरकारी संकलन केंद्रावरच घालायचा, खासगी व्यापाऱ्याला विकायची सोय नाही. पलीकडे, तेव्हाच्या आंध्रात, आदिलाबादला भाव चढला की रात्रीच्या बंड्या तिकडे वळायच्या, ती गोष्ट वेगळी. दिवाळीनंतर केंद्रासमोर बंड्यांची रांग पार गावाबाहेर जायची. माणसं दोन-दोन रात्री बंडीखाली झोपत. बैल तिथेच, भाकर तिथेच. आणि त्या रांगेच्या तोंडाशी ग्रेडर उभा. तो एक शब्द बोलणार आणि त्या शब्दावर समोरच्याचा चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, ठरणार.

मी 1987 च्या हंगामात त्यांच्या हाताखाली लागलो. शेतकी पदविका होती, त्यामुळे सगळं येतं अशी समजूत. काकाजींनी पहिल्या दिवशी मला फक्त बंड्यांत हात घालायला लावलं. वरचा कापूस पाहायचाच नाही, वर तर सगळेच पांढरं लावतात. बाजूने हात घालून पोटातला काढायचा, तोही चार ठिकाणचा. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, किती, पत्ती, म्हणजे पाल्याचा कचरा, किती, फरदड, म्हणजे हंगामानंतरच्या बहराचा हलका कापूस, मिसळली का, एच-४ या संकरित वाणाचा म्हणून गावरानी तर नाही ना. मग सरकी दाताखाली धरायची. वाळलेली सरकी कट्कन फुटते, ओली नुसती चेपते. धागा पाहायला त्यांच्याकडे फाटक्या छत्रीच्या काळ्या कापडाचा तुकडा होता. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढत, जुळवत, परत ओढत, आणि त्या काळ्या कापडावर ठेवून सांगत, "अठ्ठावीस." मी पट्टी लावून पाहायचो. अठ्ठावीस मिलिमीटरच असायचे. एकदा सत्तावीस भरले तर म्हणाले, "पट्टी नीट धर."

हे कसब पुढे बऱ्याच जणांना आलं, मलाही थोडंफार. काकाजींची दुसरी सवय मात्र कोणालाच जमली नाही. प्रत खाली लावायची वेळ आली की ते नुसतं बोलून मोकळे होत नसत. बंडीतून काढलेला तोच पुंजका कास्तकाराच्या हातात द्यायचे. "पाह्य, हे कवडी. हे तुह्याच बंडीतली हाये न? आता तूच सांग." रांग खोळंबायची, केंद्रप्रमुख ओरडायचे. माणूस पुंजका उलटापालटा करायचा, कधी भांडायचा, कधी शिव्याही द्यायचा. पण कापूस त्याच्या हातात असायचा. भांडण झालं तरी तो कापसाशी भांडायचा.

माझी चूकही सांगतो. पहिल्याच हंगामात, जानेवारीत, अंधार पडता पडता माझ्या मामेसासऱ्यांची बंडी आली. दवातला कापूस होता, हाताला गार लागत होता. मी डोळेझाक केली आणि वरची प्रत लावली. तिसऱ्या रात्री काकाजींनी मला झोपेतून उठवून कापसाच्या गंजीपाशी नेलं आणि माझा हात कोपरापर्यंत आत दाबला. आत ऊब होती, ताप आलेल्या लेकराच्या काखेत असते तशी. ओला कापूस दाबून राहिला की तापतो, पिवळा पडतो, पुढे काय होईल सांगता येत नाही. हमालांना उठवून पहाटेपर्यंत गंजी फोडून पसरली. मला वाटलं, आता ते सांभाळून घेतील. सकाळी त्यांनी रजिस्टर पुढे केलं. "लिही. तुह्याच हातानं." लिहिलं. मला नोटीस आली. महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र रोज डब्यातली अर्धी भाकर माझ्या टेबलावर ठेवून जायचे आणि संध्याकाळी ती तशीच उचलून न्यायचे. एके दिवशी ठेच्याचा वास आला आणि मी खाल्ली. मैत्री तिथून सुरू झाली म्हणायला हरकत नाही.

पुढच्या तीसेक वर्षांचं सगळं लिहीत बसत नाही. बदल्या झाल्या, 2002 नंतर ती खरेदीच सैल पडत गेली, ते निवृत्त झाले, मग मी. दसरा झाला की आम्ही दोघं एसटीने कुठल्या तरी खरेदी केंद्रावर नुसतं पाहायला जायचो. घरच्यांना हे वेडच वाटायचं.

गेल्या हंगामात त्यांनी स्वतःच्या चार एकरांतला कापूस केंद्रावर नेला. आता मोबाइलवर नोंदणी करून दिवस घ्यावा लागतो. ते नातवाने केलं. ओलावा मशीनवर मोजतात. आठ टक्के असला तर पूर्ण दर, बारापर्यंत कपात, बाराच्या वर परत. तिथल्या पोराने मशीन लावलं, स्वतःकडेच धरून पाहिलं आणि म्हणाला, "साडेबारा. गाडी फिरवा." काकाजी म्हणाले, "बराबर असन गा. पण मले तं दाखव." पोरगा पुढच्या गाडीकडे गेला होता. मी भांडायला निघालो, त्यांनी मला हाताने मागे ओढलं. कापूस घरी नेला, दोन दिवस स्लॅबवर वाळवला, पुन्हा भाड्याची गाडी केली, पुन्हा गेले. गाडीभाड्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. "त्यानं दाखोलं नाही," हे मात्र होळीपर्यंत चाललं.

मशीन वाईट नाही. हाताचा अंदाज चुकतो, आणि कधी कधी मुद्दाम चुकवला जातो, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? पण मशीनचा आकडा कास्तकाराच्या बाजूला वळवायला किती वेळ लागतो? यंदाच्या खरेदीत केंद्रांनी एवढं केलं तरी पुष्कळ. त्याला पैसे लागत नाहीत.

आणि ती लिपिकाची दुरुस्ती, जागा असेल तर छापावी.

— एक निवृत्त ग्रेडर, पांढरकवडा, जि. यवतमाळ